मागे ठेवलेला माणूस

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्याला घेऊन उत्तरेच्या समुद्राकाठी निघाला. इतक्या उत्तरेला, की तिथला समुद्र वर्षातले आठ महिने गोठलेला असतो आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला कुत्र्यांच्या घसरगाडीने त्या बर्फावरूनच जावे लागते. शिष्य तिशीतला, व्युत्पन्न. त्याला ग्रंथ तोंडपाठ होते, आणि ज्याला ग्रंथ तोंडपाठ असतात त्याला दुसऱ्याचे ऐकून घ्यायची फारशी सवय नसते.

शेवटचे गाव सात घरांचे होते. गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्या म्हाताऱ्याने दोघांना शेकोटीपाशी बसवले, गरम मासे वाढले. आजारी कोणी आहे का, असे वैद्याने विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, "छे हो, सगळे ठणठणीत!" तेवढ्यात कातड्याच्या पडद्यामागून कण्हण्याचा आवाज आला. शिष्याने उठून सरळ पडदाच बाजूला केला. आत म्हाताऱ्याची मुलगी तापाने फणफणली होती, आणि तिचा लहानगा उशाशी बसला होता.

शिष्याने तिला तपासले. "पोटात गळू झालंय. दक्षिणेच्या रुग्णालयात नेऊन ते कापून काढलं नाही, तर ही आठवडाभरात जाईल. दोन दिवसांची वाट आहे, आजच निघू."

म्हातारा दारात आडवा उभा राहिला. "न्यायचं नाही."

शिष्याने समजावले, मग आवाज चढवला, मग अज्ञानाबद्दल चार शब्द सुनावले. म्हाताऱ्याने ते सगळे ऐकून घेतले आणि भिंतीकडे बोट दाखवले. तिथे चार खुंट्यांवर सुक्या मासळीच्या चार जुड्या टांगलेल्या होत्या.

"आमच्यात कोणी बर्फावर गेलं की त्याचा वाटा टांगून ठेवतात. माणूस आलं की खातं. मेल्याची खबर आली, तर वाटा समुद्राला देतात. बारा वर्षांमागं तुमच्यासारखेच शहाणे लोक आले आणि आमचे चौघे आजारी घेऊन गेले. मेले की जगले, एवढंही सांगायला कोणी फिरकलं नाही. दर हिवाळ्यात आम्ही नवी मासळी टांगतो. पाचवी खुंटी मी ठोकणार नाही."

आतून मुलीचा क्षीण आवाज आला. "बाबा, मला जायचंय. पण तुम्ही हो म्हणालात तरच."

वैद्य उठला. मग बाहेर जाऊन त्याने गाडीवरून शिष्याचे अंथरूण काढून आणले आणि घरात ठेवले. "आजोबा, माझी विद्या पुढे चालवणारा हा एवढा एकच आहे. बर्फ फुटायच्या आत मी स्वतः परत येईन. तोवर हा तुमच्याकडे राहील."

शिष्याचा संताप झाला. "गुरुजी, मला ओलीस ठेवता? आणि विचारलंसुद्धा नाही!"

"चुकलंच माझं. आता विचारतो. हवं तर तू तिला ने, मी राहतो. बर्फाची वाट येते तुला?"

ती येत नव्हती. शिष्य दात-ओठ खात "राहतो" म्हणाला. म्हातारा दारातून बाजूला झाला.

पहिले काही दिवस शिष्य कोणाशी धड बोलला नाही. गावकरीही त्याला पहिला घास वाढत, पण कापलेले बोटसुद्धा दाखवत नसत. रोज दुपारी म्हातारा टेकाडावर जाऊन दक्षिणेकडे पाही. पंधराएक दिवसांनी शिष्यही त्याच्या शेजारी उभा राहू लागला. महिना उलटला, बर्फाला तडे जाऊ लागले. मुलीच्या लहानग्याने विचारले, "तुझे गुरुजी येतील ना?" शिष्याने पुन्हा दक्षिणेकडे पाहिले. आपण एका महिन्यात कासावीस झालो; हा म्हातारा बारा वर्षे इथे उभा आहे, हे त्याला त्या क्षणी उमगले आणि स्वतःच्या तावातावाच्या बोलण्याची लाज वाटली.

चाळिसाव्या दिवशी गाडी दिसली. गाडीत वैद्य एकटाच होता. कुत्री पोटापर्यंत भिजली होती.

"जिवंत आहे!" वैद्य लांबूनच ओरडला. "जखम ओली आहे, गाडीचे हिसके सोसणार नाहीत. उन्हाळ्यात बोटीनं येईल."

म्हातारा लहान मुलासारखा रडला. शिष्याने गुरूला आधार देऊन उतरवले आणि हलकेच विचारले, "हे बोटीवरून कळलंच असतं. या बर्फावरून जीव धोक्यात घालून का आलात?"

"ती बरी होईल, असा शब्द मी दिलाच नव्हता. ते माझ्या हातात नाही. परत येईन, हा शब्द दिला होता. आपल्या आधी आलेल्यांपाशी औषधं काही कमी नव्हती रे. पण अशा गावात माणूस दुसऱ्यांदा येतो, तेव्हाच तो आला असं धरतात."

म्हाताऱ्याने डोळे पुसले. "शब्द पाळलात. तुमचा माणूस घेऊन जा." मग जरा घुटमळून तो त्यांना शेवटच्या घरी घेऊन गेला. तिथे पडद्यामागे एक कोळी महिनाभर पडून होता. त्याचा पाय सडत चालला होता. बायको वाट अडवून त्याच्यापुढे आडवे हात पसरून उभी होती, आणि तिच्या नजरेत भीतीखेरीज काही नव्हते.

या वेळी शिष्याने ना आवाज चढवला, ना ग्रंथ काढला.

"वहिनी, गुरुजी यांना नेतील आणि खबर आणतील," तो म्हणाला. "तोवर मी इथे आहे."

वैद्य कुत्री जुंपायला वळला. बर्फ आणखी तीनच दिवस धरणार होता.