न धुतलेले पाच शर्ट

यातला एक शब्द जरी तुला खरा वाटला, तर माझं नाव बदलून टाक. आमच्या गावचा हॉकी संघ सलग अकरा सामने हरला. मी त्यांचे कपडे धुते, म्हणून मला ठाऊक. मग नवे मॅनेजर आले, रणनवरे साहेब. म्हणाले, संघ नव्यानं बांधायचा. पुढं खेळणाऱ्या पाच जणांचे करार वाढवले आणि गोलकीपर सायमनला लांबच्या क्लबाला देऊन तिथला खेळाडू आणायचं ठरवलं. सायमनची आई अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून तो कुठं जाणार?

मी कपड्यांचं गाठोडं घेऊन ऑफिसात घुसले.

"मावशी, त्यानं बावन्न गोल खाल्लेत," साहेब म्हणाले. "तुम्हाला हॉकीतलं काय कळतं?"

"काही नाही, साहेब. पण सायमनचे कपडे तीनतीनदा घासले तरी चिखल निघत नाही. तुमच्या त्या पाच जणांचे शर्ट मी चार सामने धुतलेच नाहीत. नुसती इस्त्री फिरवून देते. एकानं तरी तक्रार केली का?"

साहेबांनी गाठोड्यातून त्या पाचांतला एक शर्ट उचलून हुंगला. घामाचासुद्धा वास नव्हता. सायमनला इथंच ठेवायचा करार तिथल्या तिथं झाला.

पुढच्या सामन्यानंतर पाचही शर्ट चिखलानं माखून आले. मला वाटलं, सुधारले मेले. मग नीट बघितलं. मैदानाची माती काळी, आणि हा चिखल लाल. नळापाशी तशी लाल माती आहे, तिथं शर्ट चोळून आले होते. सामना नऊ गोलांनी गेला, सायमन एकटाच लोळत होता.

आता मला पाच शर्ट जास्त धुवावे लागतात. जा बाई तू, पाणी तापलंय.