मानसिंगच्या गाडीतली टकटक

"मग तुम्ही गाडीत बसलात की तो आवाज गप्प का होतो, तेवढंच सांगा."

मानसिंग इंगवल्यानं हे विचारलं तेव्हा आक्कासाहेब पन्हाळ्यावरच्या आपल्या घरी बशीत चहा ओतत होत्या. ओतून झाला. फुंकर मारून झाली.

"आक्कासाहेब..."

"ऐकलं."

"मग?"

"चहा घे. निवतोय."

मानसिंगनं कपाकडे असं पाहिलं, की चहाचा बिचाऱ्याचा काही दोष नसताना तो निवला.

सकाळपासून दोघं पन्हाळ्याचा घाट उतरत होती आणि चढत होती. मानसिंग चालवायचा, आक्कासाहेब शेजारी बसायच्या, मांडीवर पदर, डोळे मिटलेले. आणि गाडी कशी? पोथी ऐकायला बसल्यासारखी. टक् नाही की टुक् नाही.

एकटा असला की मात्र वाजायचं.

टक्. टक्-टक्.

गाडी लाल, दोन दारांची, जपानी. मानसिंगच्या लग्नाच्या साली घेतलेली, तीही जुनीच. दिवसभर शिरोलीच्या फौंड्रीत लोखंड वितळवायचं आणि संध्याकाळी हात धुऊन हिच्या सेवेला लागायचं, हा त्याचा नेम. टर्बो बसवला, स्प्रिंगा बदलल्या, चाकं बदलली. सायलेन्सर असा घातला की गाडी सुरू झाली की गल्लीतल्या म्हशी पान्हा चोरायच्या. शेजारच्या माळ्यांचं पोर तर म्हणे 'आई' म्हणायच्या आधी 'भुर्रर्र' म्हणालं, आणि त्याची आई मानसिंगशी अजून बोलत नाही.

एवढ्या गदारोळात ती टकटक ऐकू आली, हेच एक नवल. पण आली. भाताच्या घासात खडा यावा तशी.

तिच्यापायी त्यानं काय केलं नाही? मेकॅनिक शेजारी बसवला, तर आवाज गप्प. दुसरा बसवला, तरी गप्प. तिसरा म्हणाला, "साहेब, कान दाखवून या." मानसिंग गेला. डॉक्टर म्हणाले, कान घारीसारखे आहेत. घारीला कान असतात का, हे विचारायच्या मनःस्थितीत तो नव्हता. शेवटी एका मेकॅनिकला डिकीत घालून खाली वाघबीळच्या फाट्यापर्यंत नेला. त्याचं डोकं आलं सायलेन्सरच्या वर. डिकी उघडल्यावर मानसिंगनं विचारलं, "आला का आवाज?" तो म्हणाला, "चाललंय की बरं. तुमच्याकडं?" दोन दिवस तो सगळ्यांना असंच उत्तर देत होता.

मग मानसिंगनं इंजिनाखालचे रबर बदलले, बुश बदलले, शॉक-अब्सॉर्बर बदलले. गिअरबॉक्ससुद्धा बदलला. गाडीत जुनं असं काही उरलं नाही.

आवाज तेवढा जुनाच.

"शनिवारी साताऱ्याचा माणूस येतोय," मानसिंग म्हणाला. "आज सापडला तर सापडला. नाहीतर गाडी त्याची."

"विकणार?"

"झोप नाही मला. वेडा व्हायची वेळ आली. दुसऱ्या कुणाला ऐकूच येत नाही म्हटल्यावर..." "माझं घर त्यानंतर बांधलं, आक्कासाहेब. आधी ही आली."

आक्कासाहेबांनी बशी उचलली. बाई सत्तरी ओलांडलेली, गुडघे बसलेले, नजर मात्र जागच्या जागी. तरुणपणी घाटातल्या शर्यतीत त्यांनी भल्याभल्यांना धूळ चारली होती. एकदा उतारावर ब्रेक निकामी झाले तेव्हा त्यांनी नुसतं डोळे वटारून गाडी थांबवली, असं पन्हाळ्यावर अजून सांगतात. सांगणाऱ्यांत कुणी ते पाहिलेलं नाही, पण शंकाही कुणी घेत नाही. घाटात गाडी कशी घ्यायची हे मानसिंग त्यांच्याकडेच शिकला. त्याला तो शिकणं म्हणायचा. त्या म्हणायच्या, "येतो आणि आम्हालाच सांगत बसतो."

"विजयमाला कशी आहे?"

"बरी आहे." मानसिंगला बायकोची ही घरगुती चौकशी या वेळी अगदी नको होती. "मी आवाजाचं बोलतोय."

"येत न्हाई ती आता. आधी यायची तुझ्यासंगं."

"स्कूटर आहे तिची. गाडीत नाही बसत."

"कधीपासनं?"

"झाले... आवाज सुरू झाला त्याच्या जरा आधीपासून. पण त्याचा इथं काय संबंध?"

"का बसत न्हाई?"

"तिला गाडीत बसायचं कळत नाही हो." मानसिंगनं खुर्ची पुढे ओढली. या विषयावर त्याच्याकडे पुष्कळ माल होता. "दार आपटते. पेरू खाते. पाय वर घेऊन बसते. आणि बोलणं. ह्याचं लग्न ठरलं, त्याचं मोडलं. मला इंजिन ऐकू यायला नको? एकदा मी म्हटलं, जरा गप्प बस, मी ऐकतोय. तर वाघबीळला उतरली. म्हणाली, मी रिक्षानं येते."

"आली?"

"माझ्या आधी पोचली."

आक्कासाहेब हसल्या नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली, काठी टेकली आणि उठल्या.

"किल्ली दे."

"कशाला?"

"आम्ही चालवतो."

मानसिंगचा हात आपसूक खिशावर गेला. ही किल्ली त्यानं सख्ख्या भावाला दिली नव्हती. फौंड्रीच्या तिजोरीची दिली होती, हिची नाही.

"आक्कासाहेब, गैरसमज नको. पण क्लच फार कडक आहे. तुमचे गुडघे..."

"मग वीक शनिवारी."

त्या पुन्हा बसायला लागल्या.

मानसिंगनं किल्ली काढून दिली. देताना ती जराशी धरून ठेवली, तेव्हा आक्कासाहेबांनी ओढून घेतली.

तो डाव्या बाजूला गेला. दार उघडलं आणि क्षणभर तसाच उभा राहिला. या बाजूनं तो गाडीत कधी बसलाच नव्हता. चालवणाऱ्याची सीट त्यानं शर्यतीची आणून बसवली होती, ही डावीकडची मूळचीच, पाठ पुढे पाडली की मागच्या जागेत शिरायला वाट देणारी. बसला. गुडघे कुठं ठेवावेत ते कळेना. दार लावलं.

"हळू."

"हळूच लावलं."

"परत लाव."

त्यानं परत लावलं.

आक्कासाहेबांनी गाडी काढली. गुडघ्यांचं काय झालं होतं कुणास ठाऊक, क्लच लोण्यासारखा सुटला. फाटक मागं पडलं. पहिलं वळण आलं.

"इथं दुसऱ्यात घ्या," मानसिंग म्हणाला.

"गप्प."

"नाही, टर्बो जरा उशिरा..."

"आम्ही ऐकतोय."

मानसिंगनं हात डॅशबोर्डवर ठेवला.

"हात काढ. डाग पडतो."

हात काढला. कुठं ठेवावा ते सुचेना म्हणून मांडीवर ठेवला, निकाल लागायच्या दिवशी पोरं ठेवतात तसा. वळणावर वळण येत होतं. त्याचा उजवा पाय प्रत्येक वळणाआधी खालचा पत्रा दाबत होता. तिथं ब्रेक नव्हता.

"पाय आवर."

"आक्कासाहेब, समोर एसटी..."

"आम्हाला दिसती."

एसटी गेली. मानसिंगनं सुस्कारा सोडला.

"श्वास जरा हळू घे. इंजिन ऐकू येत न्हाई."

आता मात्र मानसिंगचं डोकं सटकलं. पन्नाशीला आलेला माणूस. ज्याच्या फौंड्रीत साठ माणसं 'साहेब' म्हणून उठतात. गाडी याची, टर्बो याचा, पेट्रोल याचं. आणि श्वाससुद्धा विचारून घ्यायचा?

"थांबवा."

"का?"

"थांबवा म्हणतोय. मी चालत येतो."

आक्कासाहेबांनी गाडी कडेला घेतली. "रिक्षा मिळती का बघ," त्या म्हणाल्या.

मानसिंग उतरला आणि दार असं आपटलं की कठड्यावरची माकडं उठून वरच्या कठड्यावर गेली.

गाडी निघाली. सायलेन्सरची डरकाळी वळणामागं गेली आणि घाटात एकदम शांतता झाली. मानसिंग चालू लागला. आधी तरातरा. मग नुसता. मग उभाच राहिला, आपल्या उजव्या हाताकडे पाहत. त्या हातानं दार आपटलं होतं. ते दार, ज्याचा रंग त्यानं स्वतः घासून घासून आरसा केला होता...

डरकाळी परत आली. लाल गाडी वर चढत आली आणि त्याच्यासमोर थांबली. आक्कासाहेबांनी काच खाली घेतली.

"वाजलं."

"काय?"

"टक्. मग टक्-टक्. वळणं घेताना. डावीकडनं."

मानसिंगनं गाडीच्या टपाला हात टेकला. इतक्या दिवसांत ती दोन अक्षरं दुसऱ्या कुणाच्या तोंडून आली नव्हती.

"तुम्हाला ऐकू आलं? खरंच आलं?"

"आम्ही बहिऱ्या न्हाई."

"म्हणजे मी वेडा नाही."

"ते आम्ही कुठं म्हटलं?"

त्यांनी डावा हात लांब केला, शेजारच्या सीटची पाठ धरली आणि हलवली.

टक्.

पुन्हा हलवली.

टक्-टक्.

मानसिंग पलीकडून धावत आला. दार उघडून रस्त्यावरच गुडघे टेकले आणि सीटखाली डोकं घातलं. बराच वेळ आत राहिला. बाहेर आला तेव्हा चेहरा कोळशाच्या गोणीतून काढल्यासारखा झाला होता.

"ही सीट..." तो म्हणाला. "हिचे दोन बोल्ट मीच काढलेत."

"का?"

"वजन कमी करायला. प्रत्येक ग्रॅम मोजायचो तेव्हा. म्हटलं, नाहीतरी तिथं बसतंय कोण."

आक्कासाहेब पुढे रस्त्याकडे पाहत राहिल्या.

मानसिंग तिथंच बसला आणि हसायला लागला. आधी खुदुखुदू, मग पोट धरून. "कुणी बसलं की दबते," तो म्हणाला. "रिकामी असली की वाजते. मेकॅनिक बसला, दबली. तुम्ही बसलात, दबली. आणि मी गिअरबॉक्स बदलला. गिअरबॉक्स, आक्कासाहेब."

"बदललास खरा."

"आईशप्पथ, आज मला झोप लागणार."

त्यानं डोळे पुसले, फोन काढला आणि तिथंच उभ्या उभ्या साताऱ्याच्या माणसाला सांगून टाकलं: शनिवारी येऊ नका, गाडी विकायची नाही, आज नाही नि कधीच नाही. पलीकडचा माणूस काय म्हणाला कोण जाणे, मानसिंग त्यालाही हसला. फोन खिशात टाकून तो मागं गेला, डिकी उघडली, आणि पाना घेऊन आला.

"आता काय?" आक्कासाहेबांनी विचारलं.

"दोनच बोल्ट राहिलेत. तेही काढतो."

"आणि?"

"सीटच काढतो. ना रहेगा बांस. मागच्या मोकळ्या जागेत आडवी टाकून नेऊ, बांधायला दोरी आहे. वजनही बरंच उतरेल. घाटात बघा कशी पळते मग." परीक्षेत पहिला आलेलं पोर बक्षिसाला हात पुढे करतं, तसा तो पाना धरून उभा होता. "आधीच सुचायला हवं होतं. घरी भंगारात टाकायचा प्रश्न नाही, मूळची आहे, माळ्यावर राहील."

आक्कासाहेब त्याच्याकडे पाहत राहिल्या. पाहता पाहता त्यांनी डोळे मिटले. घाटातून एक टेम्पो कण्हत वर गेला.

"आक्कासाहेब..."

"हं."

"काढू ना?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"काढ की. मग विजयमालेच्या जागी वारं येऊन बसंल."