तीन दिवसांचा सुभेदार

एका राज्यात राजा नव्हता, नदी नव्हती आणि सुभेदार टिकत नव्हता. सातासमुद्रांपलीकडच्या बादशहाने राजाला मारले, जादूगाराकरवी नदी एका तांब्याच्या हंड्यात कोंडली आणि हंडा किल्ल्यात ठेवला. रयत हत्यारे घेऊन डोंगरात गेली. बंड मोडायला एकामागून एक नऊ फौजी सुभेदार आले. गादीवर बसल्यापासून तिसऱ्या दिवशी, दिवस मावळता, प्रत्येकाचा दगड झाला. नऊच्या नऊ किल्ल्याच्या अंगणात उभे होते, मिशांसकट.

दहावा आला दार्मक. शूर खरा, पण हट्टी. त्याला हुकूम तीन: बंडखोरांचा नगारा आणावा, त्यांचा म्होरक्या धरावा, डोंगरावरचे गाव जाळावे.

वेशीवर एक म्हातारी गूळ आणि पाण्याचा गडू घेऊन उभी होती. वर आंब्यावर एक भारद्वाज पक्षी बसला होता.

"घे बाबा, उन्हातून आलास."

"विष असेल," म्हणून दार्मकाने गडू लवंडला. डोंगरात तेवढे पाणी झिरपायला अख्खा दिवस लागे. त्याला काय त्याचे! तो थेट किल्ल्यात जाऊन गादीवर बसला.

पहिल्या दिवशी फौज नगारा आणायला गेली. नगारा उडून पलीकडच्या शिखरावर जाऊन बसला. दार्मकाची पावले दगडाची झाली.

दुसऱ्या दिवशी तो घोड्यावरून म्होरक्याला धरायला निघाला. वाटेत तीच म्हातारी, तोच गडू, वर फांदीवर तोच भारद्वाज. या वेळी त्याने विषाची पारख म्हणून सगळे पाणी घोड्याला पाजले. घोडा प्याला, आणि तिथून पुढे एक पाऊल टाकीना.

"घोडा शहाणा निघाला," भारद्वाज म्हणाला.

दार्मकाचे गुडघे दगडाचे झाले. शिपाई घाबरून पळाले.

तिसऱ्या दिवशी तो पेटता पलिता घेऊन, काठीवर भार टाकत, एकटाच डोंगर चढला. घसा कोरडा पडला होता. पहिल्याच दारात म्हातारी उभी, वर वळचणीला भारद्वाज.

"म्हातारे, मी तुझं घर जाळायला आलोय."

"ते मागाहून बघू. आधी पाणी घे. दारी आलेल्याला आम्ही नावगावसुद्धा पाण्यानंतर विचारतो."

इतक्या मायेने त्याच्याशी कित्येक वर्षांत कोणी बोलले नव्हते. दार्मकाला रडू कोसळले. त्याने गूळ खाल्ला, गडू रिकामा केला. गुडघे सैल झाले, पावले हलली.

"तुमचा म्होरक्या कुठे आहे?"

"मीच. चिमाई म्हणतात मला. आता तू आमचा पाहुणा. पाहुण्याला आम्ही मारत नाही, आणि पाहुणा यजमानाचं घर बळकावत नाही."

"नऊ जणांनी गडू परतवला," भारद्वाज म्हणाला. "पाणी नाकारून गादीवर बसला तो चोर. शाप चोराला आहे, आणि नदी कोंडून ठेवतो तोही चोरच."

"नदी सोडली तर बादशहा माझं डोकं उडवील."

"आणि नाही सोडलीस तर अंगणात दहावा होशील," चिमाई म्हणाली. "ठरव बाबा. दिवस कलतोय."

दार्मकाने पलिता मातीत विझवला. धावत किल्ल्यात गेला आणि तलवारीच्या एका घावात हंडा फोडला. नदी खळाळत वेशीबाहेर पडली. तिचे पाणी अंगावर उडताच नऊ सुभेदार जागे झाले आणि चिंब मिशांनी बंदराची वाट विचारू लागले. बादशहाची जादू हंड्याबरोबर फुटली; त्याचा हुकूम त्या दिवसापासून समुद्राच्या अलीकडे ना पलीकडे कोणी मानला नाही. नगारा आपणहून डोंगरावरून उतरला आणि वाजू लागला.

चिमाईने दहाही जणांना भाकरीची शिदोरी बांधून दिली. गलबतात चढण्यापूर्वी दार्मक मागे फिरला. त्याने तिचा गडू नदीत बुडवून भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"आई, आधी तू घे."

चिमाई प्याली. रयतेने तिला गादीवर बसवले, आणि त्या राज्यात पुन्हा कोणी तहानलेले राहिले नाही.