भिकाजीने भात कमी केला

खाडीकाठच्या एका गावात भिकाजी नावाचा एक भोळा गृहस्थ राहायचा. सांगितलेलं अक्षरन् अक्षर पाळायचं, त्यावर स्वतःचं डोकं चालवणं म्हणजे उद्धटपणा, असं तो मानायचा.

एकदा त्याच्या पोटाची सोनोग्राफी झाली. डॉक्टर कोरगावकरबाई म्हणाल्या, "यकृतावर चरबी चढलीय."

"बाई, मी दारूच्या थेंबाला शिवलो नाही."

"दारूशिवायही चढते. तीन वेळा डोंगराएवढा भात खाऊन बसून राहिलं, की जास्तीच्या भाताची चरबी होते. वेळीच आवरलं तर उतरेल. नाहीतर यकृत निकामी होत जाईल. भात कमी करा."

भिकाजी घाबरला. बायको अनसूया तर रडलीच. भिकाजीने घरी येऊन पातेलं पुढ्यात ओढलं आणि भात कमी करायला सुरुवात केली. तळ दिसेपर्यंत कमी केला.

पुढच्या खेपेला वजन दोन किलोने वाढलं होतं.

"अहो, पातेल्यातला नव्हे," बाई म्हणाल्या. "ताटातला भात कमी करा."

भिकाजीने ताटात भात घेणंच सोडलं. ताट लख्ख. तो पातेल्यातच जेवू लागला.

वजन आणखी वाढलं. बाई पाणी प्यायल्या आणि सावकाश म्हणाल्या, "भाताच्या जागी नाचणीची भाकरी घ्या. एकच. सोबत भरपूर पालेभाजी."

भात ताटात उजवीकडे असायचा. भिकाजीने तिथे भाकरी ठेवली. भाताला डावीकडे जागा करून दिली. भाजीला जागा उरली नाही, पण त्याला तो काय करणार?

"पांढरं सोडा," बाई आता तुटक बोलू लागल्या होत्या. "पांढरा भात, मैदा, साखर. कळलं?"

"पांढरं सोडायचं," भिकाजीने घोकलं. त्याने मुळा सोडला, ताक सोडलं. अनसूयेला भातात हळद घालायला लावली. जिलबी मात्र केशरी होती, तिला नाही म्हणायचं कारण नव्हतं.

शेवटी अनसूयाच बाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, "घरात तांदूळच ठेवू नका."

अनसूयेला माहेरी जायचं होतं. निघताना तिने बजावलं, "अहो, मी येईन तेव्हा घरात तांदळाचा दाणा दिसता कामा नये."

आठ दिवसांनी ती परतली. कणगी झाडून पुसून ठेवली होती. घरात दाणा नव्हता. भिकाजी मात्र दारातून अंग तिरकं करून बाहेर आला. तिने त्याला तसाच बाईंकडे नेला.

काट्यावर सात किलो वाढले होते.

"तांदूळ कुठे गेला?" बाईंनी विचारलं.

"घरात ठेवायचा नव्हता ना? शिजवून संपवला." भिकाजीने पोटावरून हात फिरवला. "त्रास झाला, पण यकृताचा प्रश्न होता."

बाईंनी कपाळाला हात लावला.

"काळजी करू नका," भिकाजी म्हणाला. "शेजाऱ्यांच्या यकृतालाही धोका आहे, हे माझ्या लक्षात आलं. तीन घरं मोकळी केली. चौथ्या घरी आज दुपारी बसायचंय."

मग तो खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमच्या घरात किती तांदूळ आहे? लाजू नका. उद्या सकाळी येतो."