दहा लाख एकचा मामा

फार फार पूर्वी आकड्यांच्या गावात एक रीत होती. ज्या आकड्याने नवरीला भाग दिला की बाकी काही उरत नाही, तो तिचा मामा. आणि मामाने हात धरल्याशिवाय नवरी मांडवात यायची नाही. एकाने तर सगळ्यांनाच भाग जातो, म्हणून तो गावचा भटजी.

दहा लाख एकचं लग्न निघालं. दोन येऊन गेला, तीन येऊन गेला, पाच-सात आले. प्रत्येकाची काहीतरी बाकी उरलीच. शेवटी शंभरही मान खाली घालून परतला.

"एवढी थोरली पोर, आणि हिला कोणीच नाही! लावा ते दार," आत्याबाई म्हणाल्या. नवरीने मुंडावळ्यांआडून डोळे पुसले.

तेवढ्यात कडी वाजली. दारात एकशे एक! त्याने भाग दिला. बाकी शून्य.

"मामा, होतास कुठे रे इतका वेळ?" नवरीला हुंदका आवरेना.

"अगं पोरी, शंभरच्या मागेच तर उभा होतो! आणि मी एकटा नाही हो. भागाकार आला ना नऊ हजार नऊशे एक, तोही तुझा मामाच. चल, ऊठ."

दोन्ही हातांना दोन मामा धरून नवरी हसत मांडवात आली.

तेव्हापासून त्या गावात, शंभर येऊन गेले तरी लग्नघराचं दार कोणी लावत नाही.