केरबाने माळा कोरडा केला

एका थंड गावात एक भोळा माणूस राहायचा. नाव केरबा. भोळा असं त्याची आई म्हणायची. गावाकडे दुसरा शब्द होता.

केरबाच्या घरावर पत्रा होता. पत्र्याखाली माळा, माळ्याखाली पाळणा आणि पाळण्यात तान्ही लेक. थंडीत पहाटे पत्र्याला आतून पाणी सुटायचं आणि माळ्याच्या फळ्यांतून थेट पाळण्यात टपकायचं. केरबाच्या बायकोचा, हौसाचा, जीव टांगणीला लागला होता. त्यात तिच्या आईचा निरोप आला, "बघायला येतेय. घर ओलं दिसलं तर लेकीला नि नातीला थंडीभर घेऊन जाईन."

हौसाला आपलं घर सोडायचं नव्हतं. ती म्हणाली, "अहो, माळ्यावर पेंढ्याचा जाड थर द्या."

केरबाने लगेच दिला. दवात भिजलेला, गंजीच्या वरचा. आता पाळण्यात पिवळं पाणी टपकू लागलं.

"असा ओला न्यायचा असतो का? आधी कडक उन्हात टाकायचं, मग माळ्यावर."

"आधी सांगायचं की," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने गुळाची ढेप माळ्यावर ठेवायला दिली. केरबाने ती आधी कडक उन्हात टाकली. गूळ अंगणभर वाहिला. मुंग्यांची एवढी बडदास्त आजवर कुणी ठेवली नव्हती.

"गुळाला वारा लागू द्यायचा नसतो हो. प्लास्टिकच्या कागदात गच्च बांधायचं. कुठे फट ठेवायची नाही."

"आधी सांगायचं की."

तोवर माळ्यावरून काढून उन्हात टाकलेला पेंढा वाळला. आता केरबा शहाणा झाला होता. त्याने पेंढा प्लास्टिकच्या कागदात गच्च बांधला आणि माळ्याचे दोन्ही झरोके चिंध्यांनी बुजवले. पेंढ्याला बुरशी आली. पाळण्यात आता दुपारीही टपकू लागलं, पहाटेची वाट बघायला नको.

"वाफ कोंडली ना वर. झरोके उघडे ठेवा. वारा इकडून आला पाहिजे, तिकडून गेला पाहिजे."

"आधी सांगायचं की."

संध्याकाळी ती म्हणाली, "तेवढा पिठाचा डबा नीट ठेवा." केरबाने झाकण काढलं आणि डबा पुढच्या-मागच्या दारांच्या मधोमध ठेवला. वारा इकडून आला, तिकडून गेला. पीठही गेलं. त्या दिवशी शेजारची म्हैस प्रथमच गोरी दिसली.

हौसा रागावली नाही. रागावून काय मिळतं ते तिने बघितलं होतं. तिने त्याला समोर बसवलं. "नीट ऐका. खालची ऊब नि वाफ वर जाते. गार पत्र्याला लागली की तिचं पाणी होतं. म्हणून ऊब वर जाऊ द्यायची नाही. कळलं?"

"ऊब वर जाऊ द्यायची नाही," केरबा म्हणाला. अगदी पाठ झालं.

हौसाने स्वतः उभं राहून नवा, वाळलेला पेंढा घालून घेतला, झरोके उघडले. मग लेकीला बापाजवळ ठेवून ती आईला आणायला एसटीच्या थांब्यावर गेली. किती दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

दोघी चढ चढून आल्या. केरबा उंबऱ्यात हात पसरून उभा.

"मामी, इथूनच बघा. माळ्याला टिपूस नाही."

"आत तर येऊ द्या, जावईबापू."

"नको. चालून आलाय. अंगातून वाफ निघतेय तुमच्या."

हौसाने त्याच्या हाताखालून आत पाहिलं. शेगडी नाही. गोधड्या नाहीत. पाळणा नाही.

"अहो, लेक कुठंय?"

"शेळीपाशी. सगळी ऊब बाहेर काढली. लेकच हाताला सगळ्यात गरम लागली, म्हणून तिला पहिली काढली."

गोठ्यात शेगडीजवळ, गोधड्यांच्या ढिगात, शेळीला टेकून लेक गाढ झोपली होती. आजीने तिला उचललं, हौसाचं गाठोडं बांधलं आणि आली त्याच एसटीने परत निघाली, लेकीला नि नातीला घेऊन.

खिडकीशी बसून हौसा डोळे पुसत होती. केरबाने खालून समजूत घातली.

"रडतेस कशाला? आता घरात ऊबच नाही राहिली. माळा कोरडाच राहणार."