केरबाच्या वहाणा

पायातली वहाण पायातच बरी, असं आपल्याकडे म्हणतात. करवंद्याच्या कॉलेजात मात्र ती डोक्याच्या वर टांगलेली आहे. बास्केटबॉलच्या मैदानाचा उगवतीचा खांब बघा. फळीच्या मागे कोल्हापुरी वहाणांचा एक जोड सुतळीनं बांधलेला दिसेल. कुणाच्या पायात न गेलेला, कोरा. बाहेरगावचे संघ येतात, वर बघून हसतात, दृष्ट लागू नये म्हणून बांधल्यात का, असं विचारतात. मग गावातलं कुणीतरी म्हातारं माणूस त्यांना कट्ट्यावर बसवून घेतं आणि केरबा मुळीकाची गोष्ट सांगतं.

तेव्हा मैदान मुरमाचं होतं आणि केरबा संघाचा कॅप्टन. ताडमाड उंच, एरवी अबोल, पण रागावला की जिभेला हाड नसायचं. एकदा शहरातल्या कॉलेजचा संघ इथं येऊन जिंकला. जाताना त्यांच्यातला एक जण म्हणाला म्हणे, "आधी पायात बूट घाला, मग ढालीची स्वप्नं बघा." ढाल म्हणजे विद्यापीठाची फिरती ढाल, चांदीची. जिंकेल त्या कॉलेजात ती वर्षभर राहायची. केरबाला ते बोलणं फार लागलं. त्यानं मैदानातली चिमूटभर माती कपाळाला लावली आणि सगळ्यांच्या देखत बोलून गेला, "ह्या मातीत ढाल आणून ठेवीन, तवाच पायात वहाण घालीन." पाठोपाठ बाकीच्यांनीही माती लावली. तरण्या पोरांना शपथ घ्यायला काय लागतं!

त्या हंगामात ते जिंकत गेले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात दारापाशी बसून जायचं, परक्या गावात अनवाणी खेळायचं, जिंकायचं आणि तसंच परत यायचं. सुरुवातीला गाणी म्हणत यायचे. पुढं पुढं कुणी बोलेनासं झालं. टाचांना भेगा पडल्या, भेगांत मेण भरून पोरं उभी राहायची. जिंकण्याचासुद्धा शीण येतो, हे केरबाला त्या हंगामात कळलं, पण कॅप्टननं तसं म्हणायचं कुणापाशी?

शेवटचा सामना शहरात होता, सिमेंटच्या मैदानावर, भर दुपारी. पाय टेकवेना. हिंदुराव म्हणून त्याचा जिवाभावाचा जोडीदार होता. तो म्हणाला, "केरबा, एवढ्यापुरते बूट मागून घेऊ या की. देव काय बघतोय?"

"देव न्हाई," केरबा म्हणाला, "माती बघतीया."

ते खेळले आणि जिंकले. केरबाचा शेवटचा चेंडू कड्यातून खाली पडला तेव्हा त्याला आनंद झाला नाही, नुसतं सुटल्यासारखं वाटलं, असं त्यानंच पुढं सांगितलं म्हणतात.

करवंद्याच्या स्टेशनवर बँड आला होता. टांग्यात प्रिन्सिपॉलसाहेब, त्यांच्या मांडीवर ढाल, आणि मागून तळपायाला फोड आलेली पोरं. मिरवणूक मैदानाच्या फाटकावरून पुढं जाऊ लागली तेव्हा हिंदुरावानं केरबाचा दंड धरला. "टांगा थांबीव. आत नेऊन टेकवू आन् मोकळं होऊ."

केरबानं फाटकातून आत बघितलं. मैदानापर्यंत सगळी खडी पसरलेली. त्याच्या पायांनी आधीच उत्तर दिलं होतं. तो म्हणाला, "उद्या नेऊ." कुणीही वाद घातला नाही, कारण प्रत्येकाचे पाय तेच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी ढाल काचेच्या कपाटात होती. "मातीत ठेवायची?" प्रिन्सिपॉलसाहेब दचकले. "अरे, चांदी आहे ती, ओरखडा पडेल. जिंकलात ना? झालं तर मग!" केरबा वर्षभर खेटे घालत राहिला. पुढच्या हंगामात संघ हरला आणि ढाल आली तशी शहराकडे गेली.

बाकीच्यांनी केव्हाच चपला घातल्या होत्या. "ढाल गावात आली की न्हाई?" हिंदुराव समजावायचा. "हत्ती गेला, शेपटासाठी कशाला अडून बसतोस?" गुरवानंही शपथ फिटली म्हणून सांगितलं. केरबाचं एकच, "गावात न्हाई म्हटलो मी. मातीत म्हटलो."

ड्रिल मास्तरची नोकरी चालून आली होती. तिथं बूट सक्तीचे, म्हणून गेली. मग जन्मभर तो गुऱ्हाळावर राबला, चिपाडं तुडवत. बोहल्यावर अनवाणी चढला तेव्हा वऱ्हाडी हसले. हौसाबाई, त्याची बायको, कधी कधी काकुळतीला यायची. "ती ढाल का काय, आणून माझ्या डोक्यावर ठेवा, पर पायात कायतरी घाला हो!" त्याला तिची दया यायची आणि स्वतःची लाजही वाटायची. शपथेचा ताठा केव्हाच सरला होता. उरला होता थकवा, आणि त्या एका 'उद्या'ची टोचणी. हंगाम आला की तो कट्ट्यावर येऊन बसायचा. संघ हरला की उठून जायचा.

अशीच वर्षं गेली. हिंदुराव गेला, कोर्टावर सिमेंट आलं, कडेला तेवढी जुनी माती राहिली. आणि एका वर्षी करवंद्याचा संघ जिंकला. पोरांना गोष्ट ठाऊक होती. एसटीतून उतरली ती घोटभर पाणीही न पिता मैदानात आली. केरबाला बोलावून आणलं. त्याच्या समोर, खांबाच्या बुडाशी, मातीत ढाल टेकवली. मग पोरांनी बाजारातून आणलेला वहाणांचा जोड पुढं ठेवला, दुकानातला सगळ्यात मोठा.

वहाण चढेना. पाय जन्मभर मोकळा राहून फाकला होता, बोटं पंख्यासारखी पसरली होती. अंगठ्यात गेली तर टाच बाहेर राही. पोरं खाली वाकून खटपट करत होती आणि कुणाचं डोकं वर होत नव्हतं. हौसाबाई पदराआड तोंड करून रडली.

केरबानंच पाय मागं घेतला. "चालून आलो न्हवं, सुजलेत," तो म्हणाला. "इथंच टांगा खांबाला. उद्या येऊन घालतो."

तो उद्या काही आला नाही. थोड्याच दिवसांत केरबा गेला.

आजही करवंद्याचा संघ जिंकून आला की पाण्याला तोंड लावण्याआधी ढाल त्या मातीत टेकवतो, मग भले पाय तुटून पडत असोत. आजही दर हंगामाच्या आधी नवा कॅप्टन शिडी लावून वर चढतो आणि त्या वहाणांना गोडं तेल लावतो. कुणी घालायच्या नाहीत तर तेल कशाला, असं पाहुणे विचारतात. त्यावर इथली पोरं सांगतात, वहाण कोरडी पडली की चावते, आणि म्हातारा उद्या येतो म्हणालाय.